जून २०२० मध्ये पहिलीत गेलेली मुलगी आता सहावीत आहे; वाचनातील अडचण त्या दोन वर्षांची की निराळी?

अंगणवेल (भोसरी)

नमस्कार. माझी मुलगी यंदा मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत आहे. तिची पहिली जून २०२० मध्ये सुरू झाली, निदान शाळेच्या कागदावर तसे आहे. प्रत्यक्षात ती वर्गातल्या बाकावर पहिल्यांदा बसली ती दुसरीत, डिसेंबर २०२१ मध्ये, आणि तेही मोजके दिवस. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या. म्हणजे अक्षरओळख, बाराखडी आणि जोडाक्षरे हा सगळा प्रवास तिने फोनच्या पाच-साडेपाच इंचांच्या काचेवर केला.

अडचण अशी आहे. एखादी गोष्ट तोंडी सांगायला लावली, तर ती कोल्ह्याचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा काढून रंगवून सांगते. तीच गोष्ट पुस्तकातून वाचायला दिली की अडखळते. 'पर्वत' असेल तिथे 'परत' वाचून पुढे जाते, 'सूर्य'चे 'सुरय' करते आणि 'आश्चर्य' आले की थांबून माझ्या तोंडाकडे पाहते. लिहिताना वेलांट्या आणि मात्रा राहून जातात. भाजीवाल्याने परत दिलेले पैसे ती माझ्याआधी मोजते, पण वहीतली हातच्याची वजाबाकी चुकते. आता पाचवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागते. ती काठावर उत्तीर्ण झाली. वर्गशिक्षिकांना विचारले, तर त्या म्हणाल्या की कोरोनाच्या तुकडीतली मुले अशीच आहेत, काळजी करू नका.

घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय प्रश्न पुरा होणार नाही. यजमान वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात कामाला होते. मार्च २०२० च्या अखेरीस कारखाना बंद झाला आणि मे महिन्यात ई-पास काढून आम्ही माण तालुक्यात गावी गेलो. घरात स्मार्टफोन एकच होता आणि तो कामाच्या चौकशीसाठी यजमानांच्या खिशात असे. शाळेने पाठवलेली पीडीएफ रात्री जेवणानंतर उघडली जाई. गावात पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर तेवढी रेंज मिळत असे. ऑक्टोबरमध्ये भोसरीला परतल्यावर रोज तासाभराचे ऑनलाइन वर्ग नियमित होऊ लागले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये सासूबाई गेल्या आणि त्यानंतरचे दोन महिने घरात कोणालाच वर्गाची आठवण राहिली नाही.

आता जे लिहिते आहे, ते मी अद्याप यजमानांनाही सांगितलेले नाही. मागच्या आठवड्यात माळा आवरताना तिच्या पहिलीच्या वह्या सापडल्या. सुरुवातीच्या पानांवर मी टिंबांनी काढलेली अक्षरे आहेत आणि तिने ती गिरवली आहेत. पुढे टिंबे विरळ होत जायला हवी होती, ती झाली नाहीत. शेवटच्या पंधरा-वीस पानांवरचे अक्षर तर चक्क माझे आहे. रात्री नऊच्या आत गृहपाठाचा फोटो गटावर टाकायचा असे, ती पेंगुळलेली असे, म्हणून मी डाव्या हाताने लिहीत असे. अक्षर वाकडेतिकडे आले की लहान मुलाचे वाटते. त्यावर बाईंचे 'छान' आले आहे. वर्ग चालू असतानाही मी फोनच्या मागे ओट्याशी उभी राहून उत्तरे पुटपुटत असे, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणार नाही आणि तिला ओठ दिसतील अशा बेताने.

यजमानांचे म्हणणे आहे की मुलगी हुशार आहे, वेळ द्या, उगाच तपासण्या करून तिच्यावर शिक्का मारू नका. मला वाटते की पाच वर्षे वेळच देत आलो. राहिलेला अभ्यास आणि अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली मुळातलीच अडचण) यांतला फरक घरच्या घरी थोडाफार तरी ओळखता येतो का? आणि अकरा वर्षांच्या मुलीला पुन्हा पहिलीच्या अक्षरांपासून शिकवायचे झाले, तर तिला कमीपणा न वाटता ते कसे करावे?

ओट्यावरचा मास्तर (सुरगाणा)

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आपल्या मुलीच्या बरोबरीची मुले माझ्याच हाताखालून गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'कोरोनाची तुकडी' हे उत्तर आता पुरेसे नाही, असे मला वाटते, आणि त्याला आधार आहे. 'असर' सर्वेक्षणात ग्रामीण भागातील मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. देशभरात तो वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के झाली. हे शेवटचे आकडे दाखवून 'नुकसान भरून निघाले' असे पुष्कळांनी म्हटले. पण २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले जून २०२२ मध्ये, शाळा उघड्या असताना पहिलीत आलेली होती. २०२२ मध्ये तिसरीत होती ती खरी आपल्या मुलीची तुकडी, आणि तिचे पुढे काय झाले हे पाहायचे तर २०२४ च्या पाचवीकडे पाहावे लागते. तिथे तोच उतारा वाचणारी मुले ४८.८ टक्के आहेत. २०१८ च्या पाचवीत ती ५०.५ टक्के होती. निम्म्या मुलांना वाचता येत नाही हे दुखणे जुनेच आहे, त्याबद्दल इथे लिहीत बसत नाही. परंतु तुकडी म्हणून ही मुले पाचवीपर्यंत जवळपास जुन्या जागी येऊन पोहोचली आहेत. म्हणून जे मूल अजून अडलेले आहे, त्याचे नेमके कुठे अडले आहे हे स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे.

पाहायचे कसे, तर सर्वांत आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फोनच्या काळात ज्यांना फळा दिसलाच नाही, त्यांना फळा दिसत नाही हेही कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या वर्गातील दोन मुलींचे अर्धे 'मागासलेपण' चष्मा लागताच गेले. त्यानंतर दुसरीच्या किंवा तिसरीच्या पुस्तकातला, तिने पूर्वी न वाचलेला शंभर-सव्वाशे शब्दांचा उतारा तिला मोठ्याने वाचू द्या. मध्ये टोकू नका, सांगू नका. तिने शब्द जसा उच्चारला तसा आपल्याकडच्या कागदावर लिहा. मग चुका मोजू नका, त्यांची जात लावा. साधी अक्षरे चुकतात की स्वरचिन्हे? जोडाक्षरे चुकतात की तोच शब्द एका ओळीत बरोबर आणि पुढच्या ओळीत चूक येतो? आपण दिलेली उदाहरणे पाहा: पर्वत, सूर्य, आश्चर्य. तिन्हींत रफार आहे. 'र' हे मराठीतले फार फसवे अक्षर आहे. 'चक्र'मध्ये तो खाली जातो, 'अर्क'मध्ये डोक्यावर बसतो, 'राष्ट्र'मध्ये खाली दोन पाय काढतो आणि 'सुऱ्या'मध्ये आडवा होतो. वर्गात ही चारही रूपे कोणी समजावून सांगून येत नाहीत. चाळीस मुले एका सुरात रोज वाचतात आणि न येणारे मूल शेजारच्याच्या आवाजावर स्वार होऊन हळूहळू शिकते. ऑनलाइन वर्गात नेमके हेच गेले. एकाचा माइक चालू आणि बाकी सगळे म्यूट. दुसरी गोष्ट, आम्ही पाट्यांच्या रांगांतून फिरताना मूल अक्षर कुठून सुरू करते, पेन्सिल कशी धरते, हे पाहत असतो. फोटोत फक्त झालेले अक्षर दिसते. ते कोणी आणि कसे काढले, हे दिसत नाही. आपल्या डाव्या हाताचा उलगडा बाईंना झाला नाही, यात बाईंचाही दोष नाही.

आमच्या पाड्यावर त्या वेळी टीव्ही असलेली घरे तीन होती. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागू लागली, तेव्हा त्या तीन घरांच्या दारांत मुले दाटी करत, आणि वीज गेली की पांगत. शेवटी मी घरोघरच्या ओट्यांवर जाऊ लागलो. बाहेरच्या भिंतींवर गेरूने अक्षरे लिहिली, एका ओट्यावर पाच-सहा मुले, अर्ध्या तासाने पुढचा ओटा. पोषण आहाराचा तांदूळ वाटायच्या दिवशी पालक भेटत, तीच आमची पालकसभा. जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, त्याची कल्पना चांगली होती, पण तो मागच्या इयत्तेचे राहिलेले भरून काढण्यासाठी होता. ज्यांची मागची इयत्ताच पहिली होती, त्यांना पलीकडचा काठच नव्हता, मग सेतू कशावर टेकणार?

एक गोष्ट मात्र मला उताऱ्यापेक्षा महत्त्वाची वाटली. कठीण शब्द आला की ती थांबून आपल्या तोंडाकडे पाहते, असे आपण लिहिले आहे. तिकडे लक्ष द्या.

उशिरा जागा झालेला (डोंबिवली)

मास्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु दुसरी बाजूही नोंदवतो, कारण आमच्या घरी तीन वर्षे 'कोरोनामुळे' या एका शब्दावर गेली.

माझा मुलगा २०२० मध्ये दुसरीत होता. त्याला वाचता येत नव्हते, तेव्हा आम्ही म्हणालो, फोनवर कसे येणार. शाळा उघडल्या तेव्हा म्हणालो, सवय गेली आहे. चौथीत खासगी शिकवणी लावली. शाळेत विषय काढला की 'सगळ्यांचेच असे आहे' हे उत्तर मिळे आणि खरे सांगायचे तर ते आम्हाला हवेच असे. तपासणी झाली तेव्हा तो पाचवी संपवत होता, आणि अध्ययन अक्षमता स्पष्ट निघाली.

मागे वळून पाहताना फरक कशात होता, ते सांगतो. राहून गेलेली गोष्ट शिकवली की मूल ती उचलते आणि चार दिवसांनी ती अजून त्याच्याकडे असते. आमच्या मुलाचे तसे नव्हते. सोमवारी पाठ झालेला शब्द बुधवारी तो पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहत असे. 'ब' आणि 'व', 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल दोन वर्षांच्या सरावानंतरही कायम होती. शिवाय हे सगळे बालवाडीतही होते. बडबडगीतांतले यमक त्याला कधी सापडत नसे, आणि आम्ही त्याला लाजाळू समजत होतो. आपल्या मुलीची बालवाडी कशी गेली, हे आठवून पाहा. ती तर मार्च २०२० पूर्वीची आहे.

तपासणीबद्दल भीती बाळगू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्यानंतर मिळते आणि सरकारी रुग्णालयातून घेता येते. आधी दृष्टी आणि श्रवण, मग बुद्धिमापन, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या असा क्रम होता. आमच्या चार-पाच फेऱ्या झाल्या, आणि दर वेळी अर्धा दिवस रजा टाकावी लागली. प्रमाणपत्र असले की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. आपले यजमान ज्याला शिक्का म्हणतात, त्याबद्दल एवढेच सांगतो: आमच्या मुलावर 'आळशी' हा शिक्का आधीच बसलेला होता, आणि तो मारणाऱ्यांत मी पहिला होतो. अहवाल हाती आला त्या दिवशी तो पुसला गेला.

सल्ला एवढाच की सराव आणि तपासणी यांपैकी एकाची निवड करत बसू नका. रुग्णालयात तारीख मिळायला वेळ लागतो. आज नाव नोंदवा आणि तोवर मास्तरांचे ऐका.

सांगलीची आजी

ताई, मी शिक्षिका नाही. त्या काळात मुलगा आणि सून दोघेही घरून काम करत होते आणि दोन्ही नातवंडे माझ्या पदरी होती, एवढाच माझा अधिकार.

डाव्या हाताच्या लेखनाचे फार मनाला लावून घेऊ नका. आमच्या इमारतीत अशा आया मजल्यागणिक होत्या, फक्त त्यांनी ते कबूल केलेले नाही. पण यजमानांना मात्र सांगा. वह्या त्यांच्यापुढे ठेवल्याशिवाय 'वेळ द्या' आणि 'तपासणी करा' हा वाद असाच चालू राहील, कारण गृहपाठ वेळेवर जात होता, एवढेच त्यांना दिसलेले आहे.

कमीपणा वाटू नये म्हणून आम्ही एक केले होते. पहिलीचे पुस्तक धाकट्याला शिकवायला म्हणून थोरल्याच्या हाती दिले. तुमच्याकडे धाकटे भावंड नसेल, तर शेजारचे एखादे मूल पाहा. दुसऱ्याला शिकवताना स्वतःचे कच्चे आपोआप पक्के होते आणि अकरा वर्षांच्या मुलीला त्यात मान वाटतो. डब्यांवर चिठ्ठ्या लावायलाही तिलाच सांगा: मिरची, मोहरी, सुंठ, दालचिनी, मिऱ्या. मास्तरांचा आडवा 'र' मिऱ्यांच्या डब्यात सापडेल.

आणि कोल्ह्याचे, म्हातारीचे आवाज काढून गोष्ट सांगायला ती कोणाकडून शिकली, हे तुम्ही लिहिले नाही.

अंगणवेल (भोसरी)

सर्वांचे आभार. उत्तराला बारा दिवस लागले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

डोळे तपासले, थोडा नंबर निघाला आहे, चष्मा परवा मिळेल. कान ठीक आहेत. रुग्णालयात नाव नोंदवले आहे, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. वह्या यजमानांना दाखवल्या. ते बराच वेळ पाने उलटत राहिले आणि मग म्हणाले की त्या दिवसांत फोन रात्री आठलाच का मागत होतीस, ते आता कळले. रोज रात्री वाचन ऐकायला आता ते बसतात.

उतारा तिसरीच्या पुस्तकातला घेतला. ११८ शब्दांत १६ चुका झाल्या. जात लावली, तेव्हा १२ चुका जोडाक्षरांच्या निघाल्या आणि त्यांतल्या आठ एकट्या रफाराच्या. साधे अक्षर एकही चुकले नाही, आणि एक शब्द तीनदा आला तो तिन्ही वेळा सारखाच चुकला. डोंबिवलीचे दादा, बालवाडीतले आठवून पाहिले. गाणी तिला भराभर येत आणि यमकांची तर ती स्वतः भर घालत असे. तरीही तपासणी रद्द करणार नाही.

तोंडाकडे पाहण्याचे मात्र मास्तरांनी लिहिले तसेच निघाले. मी तिला सहज विचारले, अडल्यावर माझ्याकडे का बघतेस? ती म्हणाली, "तू सांगतेस ना, आवाज न करता." पाच वर्षांपूर्वी ओट्याशी उभी राहून मी जे करत होते, ते तिच्या दृष्टीने अजून चालूच आहे; कठीण शब्द आला की वाचायचे थांबायचे आणि आईचे ओठ पाहायचे, असेच ती शिकली आहे. त्यातून दुसरीत ती शाळेत गेली, तेव्हा बाईंच्या तोंडावर मास्क होता.

म्हणून आता ती वाचत असताना मी तिच्याकडे पाठ करून बसते. पहिले दोन दिवस तिने दर ओळीला "आई" अशी हाक मारली. काल मी मटार सोलत होते, ती 'दुष्काळग्रस्त'पाशी थांबली. मी वळले नाही. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, मग तिने 'दुष्' म्हटले, 'काळ' म्हटले, पुन्हा मागे गेली आणि 'ग्रस्त' जोडून पूर्ण शब्द म्हणाली. चुकीचा म्हणाली असती, तरी मी वळणार नव्हते.

आजी, गोष्टी ती सासूबाईंकडून शिकली. गावी त्या पाच महिन्यांत रोज रात्री अंगणात खाट टाकून त्या तिला गोष्ट सांगत. मी त्या दोन वर्षांत काय बुडाले याचाच हिशेब करत होते, हे मांडायचे राहून गेले होते.

मास्तर, एक विचारायचे राहिले. हातच्याच्या वजाबाकीचे काय करावे? ५०३ मधून १७८ वजा करताना मधल्या शून्यापाशी ती दर वेळी अडते.

ओट्यावरचा मास्तर (सुरगाणा)

शून्यापाशी सगळीच अडतात, कारण दशकाकडे उसने मागायला गेलो तर त्याच्याकडेच काही नसते. वही बाजूला ठेवा. शंभराच्या पाच नोटा आणि एकेक रुपयाची तीन नाणी तिच्यापुढे ठेवा, आणि तिला भाजीवाली करून एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये मागा. सुटे करण्यासाठी एक शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा आणि त्यांतली एक मोडून रुपयाची दहा नाणी घ्यावी लागतात, हे तिचे तिला सुचेल. बाजारात ती हे करतेच आहे. चार-पाच वेळा झाले की मोडलेली नोट वहीत कशी लिहायची, तेवढेच दाखवा. दहाच्या नोटा खऱ्याच घ्या, कागदी तुकडे नकोत. आणि हे करताना मात्र समोर बसा. नोटा मोडून देणारा माणूस पाठ करून बसत नाही.